चावरी मूठ

मी बिजागऱ्यांची बाई आहे. हिंगण्याच्या एमआयडीसीत विश्वनाथभाऊंचं छोटंसं टूलरूम आहे, तिथे एकोणीस वर्षांपासून मी ड्रॉइंग काढते. कपाटाची बिजागरी, पेटीची बिजागरी, दवाखान्यातल्या पलंगाची बिजागरी, आणि त्या ज्या प्रेसवर निघतात त्या प्रेसचे डाय, म्हणजे साचे. जिथे दोन पत्रे एका पिनेभोवती फिरतात तिथे माझं डोकं चालतं. बाकी ठिकाणी फारसं चालत नाही, असं माझा नवरा धम्मानंद म्हणतो. पूर्वी मी त्यावर भांडायची. आता भांडत नाही.

त्या डिसेंबरात मी सतत घाबरलेली होते. कारण साधं होतं. अठरा तारखेला धम्मानंदची कोर्टात साक्ष होती.

धम्मानंद गांधीबागेत एका ठोक कापड दुकानात काउंटरवर आहे. दोन वर्षांपूर्वी, दुपारी चार वाजता, तो गठ्ठे उतरवून घ्यायला खाली गल्लीत उभा होता. गठ्ठे आणणारा ऋषिकेश, कुहीकडचा चोवीस वर्षांचा तरणा माणूस, मालाची तीनचाकी चालवायचा. गाडी कुठे लावायची यावरून गल्लीतल्या दादाच्या भावाशी, गुड्डूशी, त्याची बाचाबाची झाली. गुड्डूने खिशातून चाकू काढला आणि ऋषिकेशच्या पोटात घातला. माझ्या नवऱ्यापासून चार हातांवर. गल्लीत तेव्हा चाळीस माणसं तरी असतील. खटला उभा राहिला तेव्हा त्यातल्या एकाला मोतीबिंदू निघाला, एक त्या दिवशी म्हणे सासुरवाडीला गेला होता, आणि उरलेले सगळे नेमके मान खाली घालून कापड मोजत होते. राहिला माझा शहाणा. आणि गुड्डू जामिनावर बाहेर होता.

ऋषिकेशची आई जयवंताबाई एकदा आमच्याकडे येऊन गेली. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, चहा नको म्हणाली, पाणी घेतलं. "तुमी याल ना जी?" एवढंच विचारलं तिने. धम्मानंद म्हणाला, "येईन माय. जे पाह्यलं ते सांगीन." ती गेल्यावर मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. त्या बाईला न्याय मिळू नये असं मला वाटत नव्हतं. पण मला नवरा जास्त हवा होता. हे काही फार चांगलं नाही, हे कळत होतं आणि तरी हवा होता.

चार तारखेला सकाळी विश्वनाथभाऊ बुटीबोरीला निघता निघता माझ्या टेबलापाशी थांबले. त्यांच्या मागे एक माणूस होता, तिशीचा, सडपातळ, हेल्मेट पोटाशी धरलेलं.

"सरिता, हा अमोल. फोल्डिंगचा जॉब आहे. बटरफ्लाय चाकू म्हणतात त्याले. सॅम्पल एकच पीस. पातं लहान आहे, काही भानगड नाई. तू बोलून घे."

आणि गेले. विश्वनाथभाऊ नेहमी अर्धं सांगून जातात, उरलेलं मी गिऱ्हाइकाकडून काढून घेते. त्यासाठी माझी पद्धत आहे. पाच प्रश्न विचारल्याशिवाय मी कॉम्प्युटरला हात लावत नाही: कोण वापरणार, कोणत्या हाताने, दिवसातून किती वेळा, मोडला तर कोणाला लागेल, आणि शेवटी, उपयोग काय. ही उत्तरं ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या रकान्यांत लिहायची. एका तिजोरीवाल्याला मी 'मोडला तर कोणाला लागेल' विचारलं तर तो म्हणाला, चोराला. मी तेही लिहिलं.

चाकूचं काम नको, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तरी मी म्हटलं, बसा.

अमोलने खिशातून शाळेच्या वहीचा घडी केलेला कागद काढला. कागद उलगडताना मला त्याचा उजवा हात दिसला. पहिल्या दोन बोटांची टोकं नव्हती. पेरावर पांढुरके वण. हा हात कुठेतरी चाकू चालवताना कापला गेला आहे, हे मला आधी सुचलं, आणि दुसरं काही सुचलंच नाही.

"याले दोन मुठी राहतात ताई," तो अगदी हळू, सभ्यपणे बोलत होता. "पातं मधात. मुठी दोन्हीकडून येऊन पात्याले झाकतात. एक मूठ गरीब, एक चावरी."

"चावरी म्हणजे?"

"पात्याची धारेची बाजू जिच्यात मिटते ते चावरी. ते धरून फिरवलं तर आपलेच बोटं. गरीब धरून फिरवाव लागते. आता माह्या बोटाले टोकं नाई, त्याच्यानं समजत नाई कोणती कोणती. मले असा पाहिजे का खिशातून काढता काढता, न पाहता समजलं पाहिजे."

न पाहता. खिशातून. मी पेन्सिल घट्ट धरली.

"अजून काय पाहिजे?"

"पिनेत बिलकुल ढिलाई नको. पातं डुगडुगलं तर मजा नाई. पण फिरलं पाहिजे एकदम लोण्यावानी. पात्याले भोकं पाडा, वजन कमी. अन् मुठी मिटल्यावर जे कडी राहते ना, ते वाजते. तो आवाज मले नको."

इथे माझ्या हातून जे झालं ते मी आजही कोणाला नीट सांगू शकत नाही. घाबरलेली होते, आणि त्याच वेळी डोक्यातली बिजागरीवाली बाई जागी झाली. गरीब मुठीच्या पाठीवर बारीक दाते काढावेत, नाण्याच्या कडेसारखे, म्हणजे तळव्यालाच कळेल, बोटाच्या टोकांची गरजच नाही. पिनेच्या दोन्ही बाजूंना पितळेचा पातळ वॉशर. आणि कडीच नको. दोन्ही मुठींच्या टोकांना आतून एकेक चुंबक बसवायचं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. मिटल्यावर धरून ठेवील, उघडताना सोडील, आणि आवाज नावाला नाही. हे सगळं मी त्याला सांगितलं. कागदावर काढूनही दाखवलं. त्याचे डोळे चमकले.

"ताई, हे तं कोणाच्याच डोक्यात नाई आलं आजपर्यंत!"

मला बरं वाटलं. खरंच सांगते, क्षणभर बरं वाटलं. मग मला दिसलं की मी एक चाकू मुका केला आहे.

मी प्रश्नांकडे वळले, कारण सवय होती. "कोण वापरणार?"

"मीच."

"कोणत्या हातानं?"

"याच." त्याने तो तुटका हात वर केला.

"किती वेळा?"

"प्रॅक्टिस तं रोजची आहे, दोनशे-तीनशे वेळा. पण खरं काम एकच दिवस आहे, सतरा तारखेले. त्याच्या आधी हात बसला पाहिजे. म्हणून बारापर्यंत द्या."

सतरा. अठराच्या आदला दिवस.

"मोडला तर कोणाले लागेल?"

तो हसला. "समोर जो असेल त्याले!"

पाचवा प्रश्न माझ्या तोंडातून बाहेर आलाच नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी उपयोगाचा रकाना कोरा सोडला. उपयोग मला माहीत आहे असंच मला वाटलं, आणि तो त्याच्या तोंडून ऐकायची माझी छाती नव्हती.

जाता जाता तो माझ्या टेबलामागच्या भिंतीकडे पाहत थांबला. तिथे धम्मानंदच्या दुकानाचं कॅलेंडर लावलेलं होतं.

"हे दुकान गांधीबागेतलं ना ताई? तुमचं कोणी आहे का तिथं?"

"नाही," मी म्हणाले. "असंच कोणीतरी दिलं."

तो बरं म्हणून गेला. हेल्मेट घालून, गाडीला किक मारून, गेटवरच्या चौकीदाराला हात करून गेला. मी संडासात जाऊन दाराला कडी लावली आणि बराच वेळ भिंतीला धरून उभी राहिले. कॅलेंडर भिंतीवर होतं, त्यावर दुकानाचं नाव होतं, माणूस वाचणारच, हे मलाही समजत होतं. पण भीतीपुढे अक्कल चालत नाही.

संध्याकाळी धम्मानंद आल्या आल्या मी त्याला सगळं सांगितलं. त्याने आधी हातपाय धुतले, मग शांतपणे म्हणाला, "चाकू पाहिजे तं तो तुह्याकडं कायले येईन वं? बाजारात चाकू मिळत नाई का?"

"मले दाखवायले आला तो. तुमची बायको काय करते, कुठं बसते, सगळं माईत आहे हे दाखवायले."

"त्यानं माह्यं नाव घेतलं?"

"नाई."

"केसचं नाव घेतलं?"

"नाई. घेईन कशाले? एवढा येडा आहे का तो?"

"मंग तू काहून एवढी भिऊन राहिली?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं म्हणून मला अधिकच राग आला. दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदाराने मला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि मग धम्मानंदसारखेच तीन प्रश्न विचारले. धमकी दिली का? नाही. नाव घेतलं का? नाही. अंगावर आला का? नाही. "मग बाई, मी लिहू काय?" तो म्हणाला. त्याचाही दोष नव्हता. त्याला दाखवायला माझ्याकडे डाळीएवढ्या चुंबकाचं एक चित्र होतं.

ड्रॉइंगला मी नाही म्हणू शकले नाही. नाही म्हटलं तर त्याला कळेल की मला कळलं आहे, असा माझा हिशेब होता. घाबरलेल्या माणसाचे हिशेब असेच असतात, दोन्हीकडून उत्तर एकच येतं. मी काढत गेले. पात्याची लांबी टाकली तेव्हा ती लांबी मला धम्मानंदच्या शर्टाच्या तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मधली वाटली. पात्यात पाच भोकं पाडली, वजन किती कमी झालं ते पाहिलं, आणि हलका चाकू जास्त वेगाने येईल हे मनात आल्यावर कॉम्प्युटर बंद करून बसले. पिनेचं माप टाकताना तर मी ठरवूनच टाकलं होतं की थोडी जाडच ठेवायची. अडकू दे. मला त्या चाकूत एकच गुण हवा होता, तो उघडू नये. पण आमचे फिटर देवाजी म्हणजे तीस वर्षं बेंचवर घासलेला माणूस. त्यांनी पिन घालून पाहिली, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "सरिता, पोरी, झोप लागत नाई का तुले? हे पिन जाड येऊन राहिली." आणि स्वतःच घासून बरोबर केली.

बारा तारखेला अमोल आला. देवाजींनी चाकू त्याच्या हातात दिला. धार लावायचं काम आमच्याकडे होत नाही, ते बाहेरच्या ग्राइंडरवाल्याकडे जातं, त्यामुळे पातं बोथट होतं आणि त्याचं मला काही वाटलं नाही. अमोलने एकदा मूठ तळव्यावर फिरवली, दाते शोधले, आणि मग त्याचा हात सुटला. मुठी उघडल्या, पातं बाहेर आलं, बोटांवरून पालथं पडलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. त्या तुटक्या बोटांमधून ते पाणी निथळावं तसं फिरत होतं आणि आवाज अजिबात येत नव्हता. मशीनवरची माणसं काम सोडून बघायला आली. कोणीतरी शिट्टी मारली. मी टेबलाची कड धरून उभी होते. माझ्या डोळ्यांपुढे गांधीबागेतली ती गल्ली होती, चाळीस माणसं खाली मान घालून कापड मोजत होती, आणि या वेळी काही ऐकूही येत नव्हतं.

"एक नंबर ताई," अमोल म्हणाला. "सतरा तारखेले तुमची याद येईन."

तेरा तारखेला मी भूमिकाला, आमच्या मुलीला, कामठीला माझ्या आईकडे सोडून आले. शाळेत ताप म्हणून कळवलं. चौदाला धम्मानंदची सुट्टी होती. दुपारी तो जेवायला बसला. त्याच्या ताटाशेजारी मी ड्रॉइंगची प्रिंट ठेवली. आमचं ड्रॉइंग मी नेहमी जेवढ्यास तेवढं छापते, वस्तू जेवढी तेवढंच चित्र.

"हे तुमच्यासाठी बनलं," मी म्हणाले. "माह्या हातानं बनलं. चुंबक मी सुचवलं. वॉशर मी सुचवला. हे घेऊन तो गेला."

त्याने हात धुतला नाही. उष्ट्या हाताची करंगळी पात्याच्या चित्रावर आडवी ठेवली, मग उभी ठेवली.

"ऋषिकेशले लागला तो याच्यापेक्षा लहान होता," तो म्हणाला.

दोन वर्षांत त्या चाकूबद्दल तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. मला वाटायचं तो भीत नाही. त्या दिवशी मला समजलं की तो रोज भीत होता, फक्त घरात भ्यायला मी एकटी पुरे आहे म्हणून गप्प होता. मी ते बघितलं आणि तिथेच घाव घातला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम मी जेवणाच्या ताटापुढे बसून केलं.

"भूमिका सातवीत आहे," मी म्हणाले. "तिचा बाप नसला तं मी काय करू? ते बाई येईन का माह्या घरी? चाळीस जणांनी नाई पाह्यलं. तुमी एकट्यानंच काहून पाह्यलं?"

"मी सांगतलं तिले का मी येईन म्हणून."

"जा ना मग. नाई कोण म्हणते? जा, उभे राहा. फक्त पाह्यलं नाई म्हणा. पाठमोरा होतो म्हणा."

त्याचं जेवण तसंच राहिलं. सोळा तारखेला कामावर जाताना चप्पल घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ठीक आहे." मला रडू आलं, आणि ते सुटकेचं रडू होतं. लाज नंतर आली.

सतरा तारीख तशीच गेली. मी त्याला घराबाहेर पडू दिलं नाही. दारावर दूधवाला आला तरी मी आधी खिडकीतून बघत होते. काही झालं नाही. मी मनात म्हटलं, त्यांना कळलं असेल, हा आता बोलणार नाही. माझ्यामुळे वाचला.

अठराला सकाळी तो कोर्टात गेला. मी त्याच्यासोबत गेले नाही. तो खोटं बोलताना बघण्याची हिंमत मला होत नव्हती, म्हणून कामावर गेले. पावणेअकरा वाजले होते. मी कॉम्प्युटरकडे बघत नुसतीच बसले होते. तेवढ्यात समोर मिठाईचा डबा आला.

"संत्रा बर्फी," अमोल म्हणाला. "तुमच्यासाठी ताई. दुसरा आलो मी!"

मी उठून उभी राहिले. खुर्ची मागे पडली. "कशात?"

"कॉम्पिटिशनमध्ये. ऑनलाइन होती ना काल, पूर्ण इंडियातून पोरं होते. फिरवायची. सगळे विचारून राहिले का हे चुंबकवाला कुठून बनवला." त्याने खिशातून तो चाकू काढला आणि माझ्यापुढे ठेवला. पातं तसंच होतं, बोथट, पाच भोकांचं.

"याला धार नाही लावली?"

"याले धार राहतच नाई ताई. हे खेळायचं आहे, चुकलं तं बोटावर टोला बसते, कापत नाई. ट्रेनर म्हणतात. भोकं त्याच्यासाठी पण राहतात, का पाहणाऱ्याले समजावं, धारेचा नाई म्हणून. मी विश्वनाथभाऊले फोनवर सांगतलं होतं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याला वाटलं, मी हाताबद्दल विचारणार आहे. त्याने स्वतःच सांगितलं. "तीन वर्षांआधी पॉवर प्रेसमध्ये गेले बोटं. डॉक्टरनं स्पंजचा बॉल देल्ता दाबायले. मले कंटाळा आला. मंग हे शिकलो. याच्यानंच हात चालायले लागला माहा."

पॉवर प्रेस. मी प्रेसचे डाय काढणारी बाई. अशी बोटं मी रोज कंपनीच्या बसमध्ये बघते, दांडीला धरलेली, एका रेषेत गेलेली. ही प्रेसची बोटं आहेत हे सांगायला मला दुसऱ्यांदा बघायचीही गरज पडायला नको होती. आणि एक साधा प्रश्न, जो मी तिजोरीवाल्याला विचारते, पेटीवाल्याला विचारते, तो याला विचारला असता तर चार तारखेलाच सगळं संपलं असतं. मी बर्फीला हातही लावला नाही.

घड्याळात दहा पन्नास. कोर्ट अकराला बसतं.

धम्मानंदचा फोन बंद होता. आत जाताना बंद करायला लावतात. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला, गेटपर्यंत चालता चालता लावला, आणि गाडी काढली. हिंगणा रोडवर मी कधी चाळीसच्या वर जात नाही, त्या दिवशी ट्रकच्या मधून गेले. अंबाझरीपर्यंत ठीक होतं. पुढे विधानसभेचं हिवाळी अधिवेशन सुरू असल्याचं मी विसरलेच होते. रविनगर चौकात बॅरिकेड. पोलिसाला म्हटलं, माझ्या नवऱ्याची साक्ष आहे, त्याला थांबवायचं आहे. तो म्हणाला, "मॅडम, मोर्चा जाऊ द्या." मी मोर्चा जाऊ दिला. कोणत्या तरी कर्मचाऱ्यांचा होता, संपतच नव्हता. मी गाडीवर बसून मोठ्याने रडत होते आणि लोक बघत होते. मी मनात एकच म्हणत होते, कोर्टाला उशीर होऊ दे, नेहमी होतो, आजही होऊ दे.

पोचले तेव्हा सव्वाबारा झाले होते. धम्मानंद बाहेर झाडाखाली ओट्यावर बसला होता. दोन्ही हात मांडीवर ठेवलेले.

"झालं," तो म्हणाला. "पहिला माहाच नंबर होता."

"काय सांगितलं?"

"तू म्हटलं तेच. पाठमोरा होतो. आरडाओरडा आयकला, पाह्यलं काई नाई. सरकारी वकील लय चिडला. मले फितूर म्हणून जाहीर केलं अन् मंग त्यानंच उलटं विचारलं, लय विचारलं. मी मान वर नाई केली. सरिता, त्या गुड्डूनं मले पाह्यलं. वकिलाले विचारून राहिला होता, हा कोण म्हणून. त्याले मी ठाऊकच नव्हतो वं. कागदावर माह्यं नाव होतं, पण दोन वर्षांत त्यानं ते पाह्यलं पण नसन."

मला सांगायचं होतं. चाकूला धार नाही, तो माणूस गरीब आहे, आपल्याला कोणीच भीती घातली नव्हती, मीच घातली. तोंड उघडलं, पण पायऱ्यांवरून जयवंताबाई आमच्याकडे येताना दिसली, आणि मला पळून जावंसं वाटलं.

तिचीही साक्ष होती, जेवणाच्या सुट्टीआधीच. साक्षीदार म्हणून तिला आत बसू देत नव्हते. सकाळी पहिल्या बसने कुहीहून आली होती आणि तेव्हापासून बाहेरच्या बाकावर बसून होती. धम्मानंदला तिने आत जाताना पाहिलं होतं आणि बाहेर येताना पाहिलं होतं. मधलं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या हातात कापडी पिशवी होती. ती पिशवी तिने माझ्या हातात दिली आणि माझा हात सोडला नाही.

"घरचा तांदूळ आहे वं बाई. यंदाचा. तुह्या मालकाले खाऊ घाल." तिचा तळवा खरखरीत आणि गरम होता. अमोलच्या हातात ते पातं फिरत होतं तेव्हा मी जेवढी भ्याले नव्हते तेवढी त्या तळव्याला भ्याले. "गावचे लोक म्हणे, कोणी नाई येणार जयवंता, तू एकटीच जाशीन अन् एकटीच येशीन. पण हे आले. म्या पाह्यलं आत जाताना. माह्या जिवात जीव आला."

धम्मानंदने ओट्यावरून उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसला. तो जमिनीकडे बघत होता.

"आता माहा नंबर आहे म्हणे," जयवंताबाई म्हणाली. "तो गुड्डू आत बसला आहे ना, त्याच्यापुढं उभं राहाचं. रातभर डोळ्याले डोळा नाई लागला वं. हातपाय कापून राहिले." मग तिने माझ्याकडे अगदी जवळून बघितलं. "तुह्या मालकानं सांगतलं ना सगळं? जे पाह्यलं ते?"

खरं सांगायला मला दोन शब्द लागले असते. ते माझ्याकडे होते, आणि मला भीती वाटली. गुड्डूची नाही, चाकूची नाही, समोरच्या त्या बाईच्या डोळ्यांची.

"हाव माय," मी म्हणाले. "सगळं सांगतलं."

वरून शिपायाने तिचं नाव पुकारलं. तिने माझा हात सोडला, पदर डोक्यावरून नीट घेतला.

"मंग आता मले कायचं भेव," ती म्हणाली, आणि पायऱ्या चढून आत गेली.